बंडी थांबली कुठं?

बस गा पाहुण्या, बाजेवर बस. तुझे बैल आत्ताच सोडले, खाऊन राहिले. त्यायचं पोट भरेपर्यंत तुलेही जाता येत नाही अन् मलेही काही काम नाही. तवर एक गोष्ट ऐक. अशी गोष्ट सांगतो, का तिच्यात सरकार हारलं, वकील थकला, पाटील हारला, अन् जिंकले दोन बैल. तू गोरेगावचा म्हणाला तवाच मी ठरवलं, का हे तुलेच सांगायचं. काऊन, ते मागून सांगीन.

सकाळी तुले बिसनलाल-धनलालच्या वाटणीचं सांगितलं ना? एका आंब्याच्या झाडापायी दोघं सख्खे भाऊ तीन महिने बोलले नाहीत, ते? हे त्याच्या नंतरचं. छप्पनमधी सरकारनं नकाशावर रेघ ओढली. आमी मुंबई राज्यात पडलो अन् वैनगंगेपल्याड मध्यप्रदेश राहिला. तो पल्याडचा काठ दिसते ना, चिंचेची तीन झाडं? तिथं या दोघायची बहीण कुंता दिलेली हाय. तिच्या चुलीचा धूर पाहून जमुनाबाई, म्हणजे त्यायची माय, इथून सांगे, "आज कुंताच्या घरी सैपाकाले उशीर झाला वाटते." ते गाव एका दिवसात परराज्य झालं. जमुनाबाईले सांगितलं, तर म्हणे, "कोणं नेलं? धूर तर तिथूनच निघून राहिला."

या घरची एक रीत होती. पौषात धानाची चुरणी होऊन दाणा घरात आला का पहिली बंडी बाजारात जायची नाही. लेकीच्या घरी जायची. सहा पोते चिन्नोर धान. आधी जमुनाबाईच्या नणदेले जाय, ती गेल्यावर कुंताले जाऊ लागली. लेकीची बंडी म्हणत तिले. वाटणी झाली तवा बिसनलालनं पाटीलकी ठेवली, घर ठेवलं, विहीर ठेवली, अन् लेकीची बंडी धनलालच्या वाट्याले लोटली. धनलालनं हसत घेतली म्हणे.

अन् अठ्ठावन साली हुकूम आला. धान राज्याबाहेर न्यायचा नाही. नेला तर दंड, अन् धान, बंडी, बैल सारं सरकारजमा. पल्याडच्या राज्याचाही तसाच हुकूम, तिकडचा धान तिकडेच. दोन्ही काठावर नाके बसले. बिसनलाल गावचा पाटील. भर चावडीत साहेबासमोर छातीवर हात मारून बोलला, "साहेब, माझ्या गावचा एक दाणा नदी पार करणार नाही!"

आठ दिवसानं त्याच्याच भावाची बंडी धरली.

चोरी करायची असती तर धनलाल अंधारात गेला असता का नाही? हा भर दुपारी, पोपटाच्या शेंगायची भाजी अन् भात पोटभर जेवून, सहा पोते भरून, नाक्यासमोरून निघाला. मले म्हणे, "कवडूभाऊ, हुकूम विकणाऱ्यायले हाय. बहिणीची बंडी काय विक्री हाय?" मीही म्हटलं, "बराबर हाय." माझी नदीच्या रेतीत डांगरवाडी, खरबुजाचे वेल, मी तिथंच जात होतो. अक्कल आमच्या दोघायचीही सारखीच.

आता धनलालची सवय ऐक. त्याचे बैल, लाख्या अन् चांद्या, हे कुंताच्याच गोठ्यात जन्मले. वाटणीत धनलालच्या हाती बैल आले नाहीत, म्हणून कुंताच्या नवऱ्यानं, गोवर्धननं, ही जोडी त्याले दिली. त्या बैलायले ती वाट पाठ. धनलाल गावाबाहेर निघाला का कासरा सोडे अन् पोत्यावर आडवा होई. डोळे उघडे ते कुंताच्या अंगणात. मधात बैल एकाच जागी थांबत. नदीत डोह हाय, तिथं पाणी पीत. पोटभर पिऊन झालं का आपले आपण चालू लागत. धनलालले मधलं काहीच माहीत नसे. दहा सालापासून नदी पार करून राहिला, पण नदी त्यानं जाताना एकदाही पाहिली नव्हती.

त्या दिवशी नाक्यावरच्या शिपायाले जाग आली तवा बंडी नदीत पोचली होती. तो धावला. मालक घोरत होता. शिपायानं कासरा धरला, बंडी फिरवली, काठावर आणली, अन् मंग काठीनं धनलालचा पाय हलवला. धनलाल डोळे न उघडता म्हणे, "कुंता, चहात साखर कमी टाकजो वो."

पंच म्हणून मले बोलावलं. मी म्हटलं, "मले वाचता येत नाही." शिपाई म्हणे, "वाचायचं कायले? अंगठा हाय ना?" मी अंगठा दिला. त्या कागदावर लिहिलं होतं, बंडी 'नदीपात्रात' सापडली. आता पात्र पाहा तू. अर्ध्या मैलाचं. त्यातलं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. शिपायाले विचारलं कुठं धरली, तर तो म्हणे, "धावता धावता पाहिलं नाही." धनलाल झोपेत. माझी पाठ तिकडे. राहिले दोन बैल.

कोंडवाड्याचा कूड पडला होता, म्हणून जप्तीचे बैल, बंडी अन् धान पाटलाच्या ताब्यात दिले. पाटील म्हणजे बिसनलाल. त्याची बायको चंद्रावती, मोठी फटकळ बाई. अंगणात लेकीची बंडी येऊन राहिलेली पाहून म्हणे, "घ्या! वाटणीत दिराच्या घरी गेलं ते सरकारनं आणून माझ्याच उरावर बांधलं."

मंग इतवारी सारे जमले. बिसनलालच्या ओसरीवर. पल्याडून गोवर्धन अन् कुंता आले. माणसायले बंदी नव्हती, फक्त धानाले होती. गोंदियाहून केशोराव वकील सायकलवर आले. त्यायच्या हाती नोटीस दिली. त्यायनं चष्मा लावला अन् मोठ्यानं वाचलं, "सरकार विरुद्ध बैल दोन, बंडी एक, धानाचे पोते सहा."

धनलाल घाबरला. "बैलायले हजर व्हा लागते का, वकीलसाहेब?"

"अरे बाबा, हा खटला तुझ्यावर नाही, मालमत्तेवर आहे. जप्तीचा. दंडाचं नंतर बघू. पहिला सवाल असा का, हा खटला चालतो कुठं?"

"कचेरीत," जमुनाबाई म्हणे. "आनखी कुठं चालते? वावरात?"

"पण कोणत्या कचेरीत, आजी? अल्याडच्या का पल्याडच्या? माणसावर खटला असता तर माणूस राहतो तिथं चालवला असता. मालमत्तेवरचा खटला मालमत्ता जिथं सापडली तिथंच चालतो. बंडी नदीच्या मधल्या रेघेच्या अल्याड सापडली असेल, तर आपली कचेरी तिला जप्त करू शकते. न्यायची तयारी केली, एवढंही पुरतं. पण रेघेच्या पल्याड सापडली असेल, तर आपल्या कचेरीला तिच्यावर हातच टाकता येत नाही!"

गोवर्धननं मांडी ठोकली. तो तसा मोठा बोलणारा माणूस, सासुरवाडीत आला का आनखीच. "मंग बात खतम! पल्याडच सापडली. आमच्या हद्दीत. आमच्या कचेरीत माझ्या मामेभावाचा सोयरा बसते. मी एक शब्द टाकला का..."

"जवाईबापू," बिसनलाल म्हणे, "तुमचा सोयरा तिथं बसते का पाणी भरते?"

"पाणीही कचेरीचंच भरते ना!"

"ते काही नाही. खटला इथंच चालन. मी साहेबाले शब्द दिला हाय. माझ्या घरची बंडी परराज्यात सापडली असं कागदावर आलं, तर पाटील म्हणून माझं तोंड कुठं राहते? अल्याडच सापडली म्हणायचं, चूक झाली म्हणायचं, जाईन ते जाऊ द्यायचं."

धनलाल उठून उभा राहिला. शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चिरकला. "जाईन ते म्हणजे? दादा, शब्द तुमचा, अन् बैल माझे? ही जोडी गेली तर मृगात मी नांगर कोणाले जुंपू? तुमाले?"

"बोलणं पाहा याचं!"

"मंग बराबर बोलतो. घर तुमी घेतलं, मी हूं का चूं केलं नाही. विहीर घेतली. आंबा घेतला—"

"आंब्याचं काढू नको!"

"—आता बैलही सरकारच्या हातानं घेऊन राहिले. मले कुणाच्या घरी साल धरून राबा लागन, दादा. पाटलाचा भाऊ दुसऱ्याच्या घरी सालदार. मंग तोंड कुठं ठेवजा?"

 जमुनाबाई सुपारी कातरून राहिली होती, तिनं अडकित्ता खाली ठेवला. "बिसन," म्हणे, "तुया बापानं मले या घरात आणलं तवा ही नदी मधात होती, अन् भांडण नव्हतं. आता नदी एका अंगाले राहिली अन् भांडण मधात आलं. वकीलबाबू, तुमी पल्याडच सांगा."

"सांगून होत नाही आजी, दाखवावं लागतं. डोह यंदा कुठं आहे?"

सारे माझ्याकडे पाहू लागले. डांगरवाडी माझी, नदी मले माहीत. मी खाली मान घालून म्हटलं, "यंदा धार सरकली जी. डोह अल्याडच हाय. मधल्या रेघेच्या दोनशे पावलं अलीकडे."

अन् बैल डोहावर थांबतात हे लेकरायलेही माहीत होतं. म्हणजे धरली ती डोहावरच. म्हणजे अल्याड. धनलाल खाली बसला.

तिकडे आत चुलीपाशी येगळंच चालू होतं. हे मले माझी घरवाली रुख्मा, ती तिथं भाकरी थापून राहिली होती, तिनं सांगितलं. कुंता म्हणे, "वयनी, तुमी दादाले काहीच काऊन बोलत नाही? धनूचे बैल जाऊन राहिले."

चंद्रावती म्हणे, "मी कायले बोलू? सहा पोत्याची हौस तुमची, बैल जाऊन राहिले त्यायचे. अन् बोल मात्र मले."

"हौस? वयनी, मी काय भुकी हाय? माझ्या घरी धान नाही?"

"नाही कसा? हाय ना! मंग कायले पाहिजे दरसाल?"

कुंताले रडू आलं. "बंडी आली का सासरच्या माणसायले दिसते, का हिच्या मागं कोणी हाय. एवढंच."

चंद्रावतीनं फुंकणी खाली ठेवली. म्हणे, "हो बाई. दिसते. मलेही दिसते. एकोणीस साल झाले मी या ओसरीतून तुमची बंडी भरताना पाहून राहिली. वाटणीपर्यंत पोते मी शिवले, तोंडं मी बांधले. माझे मायबाप गेले, जमीन सारी चुलतभावानं घेतली, अन् एकोणीस सालात त्या घरून टोपलंभर बोरं आले नाहीत मले. कोणी हाय का नाही मागं, हे इथं कोणाले दिसन?"

 रुख्मा म्हणते, भाकर जळाली, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पेशीले आमी सारे कचेरीत गेलो. साहेब तरणा, हुशार, नाकावर रुमाल. केशोराव एक तास बोलले. मधली रेघ, नदीची धार, हद्द, अधिकार. शिपाई एकच बोलला, "नदीत धरली साहेब." साहेब विचार करून म्हणाला, "सापडलेली जागा सांगणारा एकही माणूस नाही. मग बैलच सांगतील."

केशोराव म्हणे, "साहेब?"

"मौका पाहणी. तीच बंडी, तेच सहा पोते, तीच दुपारची वेळ. मालक तसाच पोत्यावर झोपेल. कोणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. बैल सवयीनं जिथं थांबतील, तिथंच बंडी सापडली असं ही कचेरी धरेल. लिहून घ्या."

कारकुनानं लिहिलं. केशोरावायनं घामच पुसला. कारण त्यायलेही डोह माहीत झाला होता. बाहेर आल्यावर धनलाल म्हणे, "लय हुशार हाय साहेब." मी म्हटलं, "हो, तुले मारायले."

दोन दिवस धनलाल भावाच्या गोठ्यात जाऊन बैलायच्या कानात बोले. "लाख्या, ऐक रे बावा. चांद्या, तू लहान हायस, तू तरी ऐक. एक दिवस थांबू नका. एकच दिवस." लाख्या कान हलवे. धनलाल येऊन मले सांगे, "समजून राहिलं त्याले." मी म्हटलं, माशी बसली असन.

पाहणीच्या दिवशी मी दुपारी पाटलाच्या घरी गेलो. बिसनलाल फेटा बांधून बाहेर साहेबाची वाट पाहत होता. मागच्या अंगणात चंद्रावती विहिरीवर. ओढून राहिली, ओतून राहिली. बैलायसमोर कोंड्याचं घमेलं चाटूनपुसून साफ पडलेलं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट! नुसतं मीठ. अन् बैल पाणी पिऊन राहिले, पिऊन राहिले. मी सहज मोजलं. मी पाहत होतो तवापासून अकरा बादल्या.

तिनं पदरानं तोंड पुसलं अन् मले पाहिलं. "काय पाहता कवडूभाऊ? जप्तीचं जनावर हाय. तहानेलं ठेवलं तर सरकार मलेच धरीन."

"बराबर हाय," मी म्हटलं. आता त्या दिवशीही मी तेच म्हटलं होतं धनलालले. पण या वेळी अकलेनं म्हटलं.

मंग निघाली वरात. पुढं बंडी, पोत्यावर धनलाल डोळे मिटून. मागं साहेब, कारकून, शिपाई, केशोराव, बिसनलाल पाटील, सारं गाव. जमुनाबाईले दोघी जणींनी धरलेलं. मधल्या रेघेवर रेतीत पांढरा झेंडा रोवला होता. कोणी बोलायचं नाही म्हणून असं गुमसुम चालणं, का कोणाची मयत चालली वाटावी. नाही म्हणायले एक आवाज येत होता. धनलाल खरंच झोपला होता. घोरत होता.

बैल डोहापाशी आले.

थांबले.

साहेबानं कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं टाक काढला. शिपायाच्या मिशा हसल्या. बिसनलालले पाहिलं मी त्या टायमाले. तो साहेबाकडे पाहत नव्हता. भावाच्या घोरणाऱ्या तोंडाकडे पाहत होता. तोंड उघडं, मिशीवर माशी, अन् लहानपणी ओसरीवर झोपे तसाच पाय दुमडून झोपलेला. मागून मले बिसनलाल स्वतः म्हणाला, "कवडू, तवा मले वाटलं का पाटीलकी गेली खड्ड्यात, बैल पुढं जाऊ दे."

लाख्यानं मान खाली केली. पाण्याले नाक लावलं. हुंगलं. फुर्र करून नाकातून पाणी उडवलं, ते साहेबाच्या विजारीवर. अन् चालू लागला. चांद्याचं तर पोट एवढं टम्म, का त्यानं पाण्याकडे पाहिलंही नाही.

"अरे, अरे!" शिपाई ओरडला.

"बोलू नको!" साहेब ओरडला. मंग त्याच्या ध्यानात आलं का तोही बोलला.

झेंडा आला. गेला. बंडी चालूच. साहेब झेंड्यापाशी थबकला, एक पाय उचललेला. पुढं परराज्य. केशोराव तोंडावर बोट ठेवून, डोळ्यानं त्याले म्हणत, चला साहेब, बैल अजून थांबले नाहीत. साहेब चालला. करते काय? रेती चढली, चिंचा आल्या, गल्ली आली, अन् लाख्या-चांद्या थेट कुंताच्या अंगणात, तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. बंडीचं चाक वाजायचं थांबलं तसा धनलाल जागा झाला.

"कुंता," म्हणे, "चहात साखर..." अन् मंग त्याले साहेब दिसला. "...साहेबाले बराबर टाकजो."

साहेब तापला. "बंडी फिरवा! माल घेऊन परत चला!"

तर पल्याडच्या नाक्याचा शिपाई गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा. मोठा अदबीनं सलाम ठोकून म्हणे, "साहब, यहाँ से धान उधर ले जाना मना है. हुकूम है. नाम लिख लूँ क्या?"

"अरे, हा धान आमचाच आहे! आत्ताच आला!"

"आने की मनाही नहीं है, साहब. जाने की है."

केशोरावायनं गळा साफ केला. इतका वेळ गप राहून ते फुगून राहिले होते. "साहेब, आपलंच वाक्य कागदावर आहे. बैल जिथं थांबतील, तिथंच बंडी सापडली असं धरायचं. डोहावर बैलांनी नुसतं नाक लावलं, ते थांबणं नाही; थांबले ते कुंताबाईच्या तुळशीपाशी. म्हणजे बंडी तुळशीपाशी सापडली. तुळस पल्याडच्या हद्दीत. आपल्या कचेरीला अधिकार नाही. कागद इकडच्या कचेरीत पाठवा."

"अन् इकडची कचेरी काय करील?"

गोवर्धन पुढं झाला. "मी एक शब्द टाकतो ना साहेब, तिथं माझा सोयरा—"

"तुमी बसा, जवाईबापू," बिसनलाल म्हणे. अन् साहेबासमोर जाऊन उभा राहिला, फेटा सरळ करून.  हा आता शब्दाचं काढते का काय! तर तो म्हणे, "साहेब, मी चावडीत बोललो होतो का माझ्या गावचा दाणा नदी पार करणार नाही. मी शब्द पाळला. मी नाही जाऊ दिला. आज हा धान सरकारनं आणला, सरकार मागं चालत होतं, साऱ्या गावानं पाहिलं. आता कागदावर काय लिहायचं ते तुमी पाहा. पंचाले अंगठा द्यायले कवडू हाय."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला.

मंग साहेब हसला बावा. पहिल्यांदा हसला. खाली बसला अन् म्हणाला, "चहा आणा. साखर बराबर टाका."

कागद पल्याडच्या कचेरीत गेले. पंधरा दिवसानं जवाब आला, का धान राज्यात आणणं हा इथं गुन्हा नाही, सबब खटला चालवायचं कारण नाही. गोवर्धन अजूनही सांगते का ते त्याच्या सोयऱ्यानं केलं. केशोराव सांगतात का कायद्यानं झालं. धनलाल गावभर सांगे, "कानात सांगितलं होतं मी, लाख्याले समजते." कोणाले काही सांगू दे.

पण कुंता बायको माणूस, अन् ते बैल तिच्या हातचे. दरसाल नदीत पिऊनही अंगणात आले का आधी टाक्याकडे धावत. त्या दिवशी तिनं टाकं भरून ठेवलेलं. बैल ढुंकूनही पाहीनात. तिनं लाख्याच्या पोटावर हात फिरवला, थापटलं, मंग त्याच्या तोंडाले हात लावून बोट चाखलं. अन् नदीकडे तोंड करून उगीच उभी राहिली किती तरी वेळ. चंद्रावती तर आलीच नव्हती पाहणीले. घरी होती.

पंधरा दिवसानं धनलाल रिकामी बंडी घेऊन परत आला. रिकामी म्हणजे, तिच्यात एक कोहळा होता. केवढा! दोन्ही हातात मावला नाही. नाक्यावर शिपायानं तो चारदा फिरवून पाहिला, हुकूम वाचला, कोहळ्याचं नाव सापडलं नाही, सोडला. धनलालनं बंडी आपल्या घरी नाही नेली. थेट बिसनलालच्या दारात. आंब्याच्या भांडणानंतर पहिल्यांदा त्यानं आपणहून बंडी त्या दारात उभी केली. म्हणे, "वयनी, कुंतानं तुमाले पाठवला. म्हणाली, बंडीतूनच द्यायचा, हातानं नाही न्यायचा."

चंद्रावती दारात आली. नेहमीसारखी म्हणे, "हे काय! एवढ्या कोहळ्याचं मी काय करू? माणसं किती घरात?" अन् मंग खाली ठेवेचना. लेकरू घेतल्यासारखा कडेवर घेऊन उभी राहिली. शेजारची नंदाबाई जात होती, तिले उगीच थांबवून म्हणे, "पाहिलं का, बंडी आली."

महिनाभर कापला नाही तो तिनं. ओसरीत ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याले दिसन असा. मंग सडू लागला तवा साऱ्या गावाले भाजी वाटली. बिसनलालले आजही माहीत नाही, अकरा बादल्याचं. तूही बोलू नको. चावडीत वर्षातून दोनदा तो शब्द पाळल्याचं सांगते, सांगू दे बिचाऱ्याले.

आता यंदा मे महिन्यात तर महाराष्ट्र झाला. राज्याचं नाव बदललं, नदी तिथंच. दोन साल झाले, कुंता दरसाल काही ना काही पाठवते बंडीत. पण खोटं काऊन बोलू गा, नणदेच्या घरून आलेलं ते नणदेचं. ते काही माहेर नाही.

तुझे बैल उठले वाटते. जू ठेव, मी हात लावतो. अन् ज्याच्यापायी एवढं सांगितलं, ते ऐक. तू गोरेगावचा. तिथं बाजारापाशी भैय्यालाल म्हणून हाय, मोठा वाडा, मोठी शेती, तुले माहीत असन. तोच चंद्रावतीचा चुलतभाऊ. त्याच्याकडे जाजो. भांडू नको. जमिनीचं काढू नको, ती गेली ते गेली. फक्त एवढं म्हणजो, का दवनीवाड्याच्या अंगाले, आमच्या गावी नदीकाठी तुमची बहीण हाय, अन् गोरेगावाहून तिथपर्यंत मधात नदी लागत नाही, नाका लागत नाही, हद्द लागत नाही, कोणत्याच कचेरीत खटला होत नाही. पोतंभर धान नको. टोपलंभर लाखोळीची डाळ दे म्हणा, नाही तर बोरं दे म्हणा. पण हातानं पाठवू नको म्हणा. बंडीत घालून आण.